कॉन्टॅक्ट्सची परवानगी

नेहमी म्हटलं जातं की लोकांना प्रायव्हसीचं काही पडलेलं नसतं, फुकट मिळालं की झालं. मला नाही पटत. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपची नवी प्रायव्हसी पॉलिसी आली तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपातले निम्मे लोक सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर गेले आणि महिन्याभरात परत आले, कारण दूधवाला, सोसायटी, शाळा सगळं इकडेच. म्हणजे काळजी होती हो, पण एकट्याने जाऊन बोलणार कुणाशी?

जिथे पर्याय असतो तिथे मात्र लोक बघतात. माझ्या मामेभावाने एका लोन ॲपवरून आठ हजार घेतले, इन्स्टॉल करताना कॉन्टॅक्ट्सला अलाऊ केलं आणि हप्ता चार दिवस चुकला तर त्याच्या साहेबांना, सासऱ्यांना, अगदी गॅसवाल्याला पण मेसेज गेले. दोन दिवस जेवला नाही तो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांत कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग बघायचे नाहीत असं स्पष्ट सांगितलंय, पण बेकायदा ॲप कुठले नियम पाळतायत. आता मामी सुद्धा साधं टॉर्चचं ॲप घेताना विचारते, याला माझे नंबर कशाला हवेत रे?