पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे?

'आमच्याकडे वेठबिगारी नाही' असं पुरवठादाराकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घेतलं की माल घेणारी कंपनी मोकळी, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याने ३.६ कोटी पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना आपल्या कामात आणि पुरवठादारांकडे गुलामगिरी रोखायला काय केलं याचं दरवर्षी निवेदन काढायला लावलं, पण 'आम्ही काहीही पावलं उचलली नाहीत' एवढं लिहिलं तरी कायद्याला ते चालतं!

खरी मेख कामगारांच्या भरतीत असते. दलालाचे पैसे भरायला माणूस आधीच कर्ज काढतो, मग ते फिटेपर्यंत काम सोडायची सोयच उरत नाही. म्हणून भरतीचा सगळा खर्च मालकाने उचलायचा, ही अट करारातच हवी. आधी उकळलेले पैसेही परत करायला लावा.

तपासणीला गेलात तर नुसता हजेरीपट चाळून परतू नका. कामगाराला मुकादमापासून दूर नेऊन, त्याच्याच भाषेत विचारा: पासपोर्ट कुठे ठेवलाय? पगारातून काय काय कापलं? आणि गैरप्रकार सापडताच ऑर्डर तोडून पळू नका, पहिला फटका त्या कामगारालाच बसतो. आधी त्याची थकबाकी आणि कागदपत्रं मिळवून द्या.