नहेम्या, सावकारी आणि आपले गावपुढारी: बायबलमधली गोष्ट इथं चालेल का?

दारव्ह्याचा सोयाबीनवाला:
मंडळी, झडी लागली की वावरात पाय टाकता येत नाही, म्हणून शेजारच्या काकांकडून मराठी बायबल आणून वाचत बसलो (ते ख्रिस्ती, आम्ही माळकरी, चहा मात्र एकाच गंजातला). त्यात नहेम्या म्हणून एक माणूस आहे, इराणच्या बादशहाच्या दरबारातून यरुशलेमला सुभेदार होऊन येतो आणि शहराचा पडलेला कोट ५२ दिवसांत उभा करतो. लीडरशिपच्या ट्रेनिंगमध्ये तेवढंच सांगतात, टीमवर्क अन टार्गेट. खरा मुद्दा पाचव्या अध्यायात आहे. काम चालू असतानाच लोक बोंबलत येतात की दुष्काळात धान्यासाठी वावरं, मळे, घरं गहाण पडली, राजाचा सारा भरायला कर्ज काढलं, पोरीबाळी दुसऱ्याच्या घरी राबायला गेल्या, अन सावकार कोण तर आपलेच भाऊबंद. मग हा मोठी सभा बोलावतो, सगळ्यांदेखत पुढाऱ्यांना धरतो आणि म्हणतो, मी आणि माझी माणसंही उसने पैसे अन धान्य देतोच आहोत, हे व्याज आपण सोडू, वावरं आजच्या आज परत करा. शपथ घ्यायला लावतो आणि स्वतःच्या कपड्याचा घोळ झटकून दाखवतो, शब्द फिरवेल त्याला देव असाच झटकून टाको.
आमच्याकडे कृषी केंद्रवाला, अडत्या आणि ग्रामपंचायत सदस्य एकाच घरातले. बियाणं उधार, सुगीला माल त्यांच्याच काट्यावर. त्यांच्यातला एक जरी असा उभा राहिला तर मी त्याला पुढारी म्हणीन.

वणीवाला:
भाऊ, एवढे दूर काहून जाता? २०१४ चा सावकारी कायदा हाय ना. गहाणाच्या नावाखाली खरेदीखत करून घेतलं असन तर जिल्हा निबंधकाकडे अर्ज करा, मागच्या १५ वर्षांतला व्यवहार असला तर चौकशी करून जमीन परत द्यायचा आदेश निघू शकते. अन तुमच्या नहेम्याजवळ बादशहाचं पत्र होतं, किल्ल्याच्या दरवाज्यांचं अन कोटाचं लाकूड सरकारी जंगलातून. आमच्या सरपंचाले गटारीचं काम काढाचं तरी पंचायत समितीत दहा चकरा. नेमून आलेला साहेब रागावला तर लोक ऐकतेच, निवडून येणाऱ्याले त्याच उधारीवाल्याच्या घरची मतं लागते.

बचतगटवाली ताई:
मी तो अध्याय वाचला आहे, चर्चमध्ये लहानपणापासून ऐकते. पुढचं तुम्ही सांगितलंच नाही दादा. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर ४० शेकेल (तेव्हाचं वजन) चांदी घ्यायचे, नहेम्याने १२ वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, याचे प्रवचनात फार गोडवे गातात. पण त्याच्या पंगतीला १५० माणसं जेवायची, रोजचा एक बैल अन सहा मेंढरं. तो दरबारातला माणूस, त्याला परवडलं. आमच्या गावात महिला राखीव सीटवर निंदणाला जाणारी बाई सरपंच झाली, मीटिंगला गेली की तिची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि लोक म्हणतात मानधन कशाला पाहिजे, सेवा करा ना. सेवा फुकट केली की सेवा करायला घरचे श्रीमंतच उरतात. बायबलच्याच शास्ते नावाच्या पुस्तकात एक गोष्ट आहे, झाडं राजा शोधायला निघतात, जैतून, अंजीर, द्राक्षवेल तिघंही नाही म्हणतात आणि शेवटी काटेरी झुडूप तयार होतं, म्हणतं माझ्या सावलीत या. तसंच होईल.

दारव्ह्याचा सोयाबीनवाला:
ताई, मानधनाचं पटलं, ते घ्यावंच. पण मी भत्त्यावर बोललोच नव्हतो, सभेवर बोललो. वणीवाले भाऊ, कायद्यात अर्ज कोणी करायचा, ज्याला पुढच्या मृगात त्याच दुकानातून डीएपी खत आणायचं आहे त्यानं? एकट्यानं अर्ज केला की उधारी बंद. म्हणून तर सगळ्यांसमोर, आणि सुरुवात देणाऱ्यानंच स्वतःपासून करायची.

चांदूर रेल्वेकर:
मला बायबलमधल्याच मोशेच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या पुढाऱ्याच्या, सासऱ्याची गोष्ट जास्त कामाची वाटते. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला, लोक ताटकळत उभे, सासरा इथ्रो म्हणतो बाबा तूही थकशील अन लोकही, हजारावर, शंभरावर, पन्नासावर, दहावर माणसं नेम. आमच्या शेतकरी कंपनीत तुरीच्या खरेदीचे पैसे अडकले, कारण ओटीपी चेअरमनच्या मोबाईलवर येतो आणि चेअरमन लग्नात, तिथं रेंज नाही. गेटवर ट्रॅक्टरची लाईन अन मॅनेजर फोन लावून राह्यला.

वणीवाला:
दहावर माणूस नेमला की तो चेअरमनचा साळाच निघते, मंग?

चांदूर रेल्वेकर:
इथ्रोनं अट पण सांगितली होती ना, लाचेचा तिटकारा असलेली माणसं पाहून नेम म्हणून. लोक नेमकं तेवढं गाळतात.

वणीवाला:
अशी माणसं सापडली तर चेअरमन त्याईलेच करू, हाताखाली काहून ठेवाचे. सोयाबीनवाले, एक सांगा, तुमचं यंदाचं बियाणं रोखीचं का उधारीचं?

दारव्ह्याचा सोयाबीनवाला:
उधारीचं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उधारीचे दर बोर्डावर लिहायचा विषय मांडतो, पण अर्जावर माझी एकट्याची सही नको. दहा जण तयार झाले की देतो.

बचतगटवाली ताई:
आमच्या गटातल्या सहा जणींच्या घ्या. पण अर्ज आधी वाचून दाखवा.