पर्यावरण सांभाळणं खर्चिक आहे का? माझा वर्षभराचा हिशेब मांडतोय, तुमचा सांगा

वनाझकर

गेल्या रविवारी सोसायटीच्या सभेत ओल्या कचऱ्याचा विषय निघाला, तेव्हा एक सभासद म्हणाले, "हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले. बांबूचा ब्रश, सेंद्रिय भाजी, कोणाला परवडतं?" ते मला फार लागलं. आमच्या घरी गेलं वर्षभर मी वहीत लिहून ठेवलंय, आणि माझा अनुभव नेमका उलटा आहे. बांबूचा ब्रश आम्ही कधी आणलाच नाही. विकत आणायचं कमी केलं, एवढंच केलं.

पंखे घ्या. हॉल आणि झोपायच्या खोलीतले जुने पंखे ७५ वॅटचे होते. दोन्ही एकाच उन्हाळ्यात जळाले, तेव्हा रिवाइंडिंग न करता ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे लावले, साधारण २८०० रुपयांना एक. दोन्ही मिळून दिवसाला सव्वा युनिट वाचतं. पुण्यात थंडीचे तीन महिने पंखा लागत नाही, ते वगळले आणि युनिटला दहा रुपये धरले, तरी वर्षाला ३४०० रुपये होतात. वीस महिन्यांत पंखे फुकट.

दुसरं, आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर. आम्हाला महापालिकेचं, म्हणजे खडकवासल्याचं पाणी येतं. त्यात क्षार कमी. तरी आम्ही आठ वर्षं आरओ वापरत होतो. एक दिवस त्याच्या बारीक नळीखाली बादली लावली. हंडाभर पाणी गाळून होईपर्यंत खाली जवळजवळ तीन हंडे साचले. ते सगळं रोज मोरीत जात होतं. २०१९ साली हरित लवादाने सांगितलं होतं की लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे आरओ नको. आम्ही काढला, साधा यूव्ही फिल्टर बसवला, तो किरणांनी फक्त जंतू मारतो. मेम्ब्रेन आणि सर्व्हिसिंगचे वर्षाचे साडेतीन हजार थांबले.

बाकी बारीकसारीक. तूरडाळ तासभर भिजवून कुकर लावायचा, शिट्टी झाली की गॅस मंद. ऑफिसला वनाझहून मेट्रो, स्कूटर फक्त रविवारी. रद्दी आणि दुधाच्या पिशव्या साठवून विकतो. सगळं धरून वर्षाला अठरा-एकोणीस हजार वाचले. म्हणून मला मनापासून वाटतं की लोकांना ओझोनचं सांगण्याआधी लाइटबिल दाखवावं.

भाडेकरू वाघोली

तुमची वही खरी असेल, पण ती स्वतःचं घर असलेल्याची वही आहे. माझं सांगतो. वाघोलीत टू बीएचके, भाड्याचा. पंखे मालकाचे, गीझर मालकाचा. अकरा महिन्यांचा करार, पुढे ठेवतील की नाही त्यांच्या मनावर. वीस महिन्यांत वसूल होणारा पंखा मी कशाला लावू?

आणि पाणी. आमच्याकडे खडकवासला येत नाही, टँकर येतो. उन्हाळ्यात रोज. कुठल्या बोअरचं आहे ते ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. बादलीत रात्रभर ठेवलं की सकाळी कडेला पांढरी रेघ दिसते. इथे आरओ काढा म्हणणार का? टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये वाटले जातात, त्यामुळे मी एका बादलीत आंघोळ केली काय आणि अर्धा तास शॉवर घेतला काय, मला बिल तेवढंच. वाचवणाऱ्याला काही मिळत नाही ही इथली खरी अडचण आहे.

सिंहगड रोड

आरओबद्दल मलाही बोलायचंय. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात, किरकटवाडी-नांदेड-धायरीकडे जीबीएसची (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) साथ आली. आमच्या मजल्यावरचा तरुण मुलगा व्हेंटिलेटरवर होता. त्यानंतर "महापालिकेचं पाणी चांगलंच असतं" हे वाक्य मला ऐकवत नाही. बचतीसाठी पाण्याशी खेळ नको.

वनाझकर

@सिंहगड रोड, तुमची भीती अगदी रास्त आहे. पण तेव्हा प्रश्न जंतूंचा होता, क्षारांचा नव्हता. जंतूंना उकळणं किंवा यूव्ही पुरेसं आहे. आम्ही साथीच्या दिवसांत दोन महिने पाणी उकळूनच प्यायलो, आणि तो गॅस मी आनंदाने जाळला. आरओ क्षारांसाठी आहे.

@भाडेकरू, टँकरच्या पाण्याला आरओ ठेवाच. फक्त नळीचं पाणी लादी पुसायला घ्या. मेंटेनन्सबद्दल तुमचं म्हणणं पटलं. घरटी मीटर बसवल्याशिवाय तिथे काही हलणार नाही. मात्र सोसायटी म्हणून करता येईल. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर त्यातलं ऐंशी टक्के धरलं तरी ५६ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी साडेपाच टँकर. शिवाय पावसाचं पाणी, सौर किंवा गांडूळखत यांतलं काही चालू असेल तर महापालिका सामान्य करात ५ ते १० टक्के सूट देते.

भाडेकरू वाघोली

ती सूट मालकाच्या मिळकतकरात. माझ्या भाड्यात नाही.

तिसरा मजला, बिबवेवाडी

मी खूप वेळ लिहू की नको करत होते. तुमच्या वहीत रुपये आहेत, युनिटं आहेत, लिटर आहेत. तास कुठे आहेत?

बाळासाठी डायपर बंद करून कापडी लंगोट वापरा असं मला सगळ्यांनी सांगितलं. पैसे वाचतात हे खरं. पावसाळ्यात रोज वीस लंगोट, घरभर दोऱ्या, वाळत नाहीत म्हणून इस्त्री फिरवायची. ते सगळं मी केलं, नोकरी सांभाळून. कंपोस्टची बादली ढवळायची मी, त्यात अळ्या झाल्या की कोरडा पाला आणायचा मी. आमच्याकडे हौस ह्यांची होती. घराची बचत झाली की कौतुक घराचं होतं आणि वेळ एकाच माणसाचा जातो. मी डायपरवर परत आले आणि मला त्याची लाज वाटत नाही. डाळ कोण भिजत घालतं तुमच्याकडे?

पेठेतला

आमच्या आईच्या वेळी याला कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं. जुन्या लुगड्यांची गोधडी, जरीच्या साड्या बोहारणीला देऊन त्यावर पातेलं, शर्ट फाटला की फडकं, फडकं फाटलं की पायपुसणं. बोहारीण दारात बसून तासभर घासाघीस करायची आणि आई एक चमचा जास्तीचा मिळवायचीच. बिबवेवाडीच्या ताई म्हणतात ते मात्र खरं आहे. तो तास आईचाच होता. आम्ही कुणी तो मोजला नाही.

हडपसर ०७

रद्दीबद्दल लिहिते, कारण ते माझ्या घरचं आहे. माझी आई बावीस वर्षं कचरा वेचते. १९९३ साली बाबा आढाव आणि इतरांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यानंतर तिच्यासारख्यांना ओळखपत्र मिळायला लागलं. आता ती 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेत आहे, दारोदार कचरा घेते. घरटी शुल्क मिळतं, पण त्यात घर चालत नाही. तिची खरी कमाई सुक्या कचऱ्याची असते, म्हणजे पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या. तुम्ही चांगला माल निवडून रद्दीवाल्याला दिलात की तिच्या ढकलगाडीत उरतं ते चिप्सचं पाकीट आणि थर्माकोल. त्याला कोणी पैसे देत नाही. तुम्हाला महिन्याला शंभर-दीडशे मिळत असतील. पाचशे घरांनी असंच केलं तर तिचं काय उरतं?

आणि एक. सुक्यात चहाचा चोथा पडला की सगळा कागद भिजतो, भाव पडतो. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढला तर तिला ते हाताने उघडून बघावं लागत नाही. या दोन गोष्टींना एक पैसा लागत नाही आणि एक पैसा वाचतही नाही. तुमच्या वहीत अशा गोष्टींना रकाना आहे का?

वनाझकर

तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण घरी बोलायचं होतं.

डाळ बायको भिजत घालते. कापडी पिशव्या शिवल्या त्याही तिने, दोन अख्ख्या दुपारी. मी वहीत "पिशव्या, खर्च शून्य" असं लिहिलंय. ते चुकीचं आहे. त्या पानावर आता तास लिहिले आहेत आणि कंपोस्टची बादली माझ्याकडे घेतली आहे.

@हडपसर, रद्दीचे वर्षाचे सतराशे मी बचतीतून काढतोय. वर्तमानपत्रं आणि दुधाच्या पिशव्या या महिन्यापासून आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना देणार. काल दिल्या. त्यांनी पिशव्या धुतलेल्या आहेत का ते उघडून बघितलं आणि म्हणाल्या, कापताना कोपरा तोडून टाकू नका, पिशवीलाच राहू द्या, तो सुटा तुकडा कुणालाच सापडत नाही. इतकी वर्षं आम्ही तो तोडून टाकत होतो.

पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. पंख्याचे ३४०० आणि आरओचे ३५०० यांत कुणाचा तास गेला नाही, कुणाची कमाई गेली नाही. अशा गोष्टी आधी कराव्यात, आणि त्या पैशाचं आमिष दाखवून करवून घ्याव्यात. "पृथ्वी वाचवा" ऐकून आमच्या सभेत कुणी हललं नव्हतं. पंख्याचं बिल दाखवल्यावर चौघांनी दुकानाचा पत्ता मागितला.

भाडेकरू वाघोली

पंख्यासाठी मालकाला फोन केला. म्हणाले, अर्धे तुम्ही घाला. मी निघून गेल्यावर पंखा त्यांचा. नाही घातले.

वनाझकर

अर्धे घालूच नका. पूर्ण तुमचा घ्या. जुना पंखा उतरवून माळ्यावर ठेवा, निघताना तो परत लावून आपला घेऊन जा. इलेक्ट्रिशियन दोन्ही वेळचे मिळून पाचशे घेईल. पुढच्या घरात तोच चालेल. फक्त करारात लिहून घ्या, नाहीतर डिपॉझिट परत घेताना वाद होतो.

भाडेकरू वाघोली

हे सुचलं नव्हतं. पुढच्या महिन्यात करार नवा करायचाच आहे. काय लिहायचं, नेमकं सांगा.

तिसरा मजला, बिबवेवाडी

आमच्या करारात होतं, तेच देते: "हॉल व बेडरूममधील छताचे पंखे भाडेकरूच्या मालकीचे असून घर सोडताना ते काढून मालकाचे मूळ पंखे चालू स्थितीत बसवून देण्याची जबाबदारी भाडेकरूची राहील." खाली दोघांच्या सह्या, आणि जुन्या पंख्यांचा फोटो काढून ठेवा.