'सेन्सस डिव्हिजन'ला मराठीत काय म्हणावे?

अनुजा_ब्रॅम्प्टन

ब्रॅम्प्टनमधल्या आमच्या ज्येष्ठांच्या गटासाठी कॅनडाच्या जनगणनेची माहिती देणारे छोटे पत्रक मराठीत करते आहे. इथे दर ५ वर्षांनी जनगणना होते आणि तीत मातृभाषा विचारतात. मुलांकडे कायमचे राहायला आलेल्या आईवडिलांनी तिथे 'मराठी' असे स्पष्ट लिहावे, यासाठी हा सगळा खटाटोप.

अडले शेवटच्या पानावर. तिथे ओंटारिओ प्रांताची विभागणी सांगायची आहे. प्रांतात ४९ 'सेन्सस डिव्हिजन', त्यांच्या पोटात 'सेन्सस सबडिव्हिजन', आणि त्यातल्या बहुसंख्य म्हणजे म्युनिसिपालिट्या. उदाहरणार्थ, पील हे डिव्हिजन आणि त्यात मिसिसागा, ब्रॅम्प्टन, कॅलेडन ही तीन सबडिव्हिजन. मी 'जनगणना विभाग', 'जनगणना उपविभाग' आणि 'नगरपालिका' असे लिहिले. गटातले एक काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी वाचले आणि म्हणाले, "जनगणना विभाग म्हणजे जनगणनेचे खाते. पील हे खाते कसे असेल? आणि प्रांत म्हणजेच एका उपविभागाचा अधिकारी, मग एका प्रांताखाली इतके उपविभाग कुठून आले?" मी ओंटारिओबद्दल लिहिले होते आणि ते प्रांतसाहेबांबद्दल बोलत होते.

प्रतिशब्द सुचवा. पत्रक पुढच्या आठवड्यात छापायला द्यायचे आहे.

तलाठ्याचा_नातू

काकांशी सहमत. आमच्याकडे "प्रांताकडे अपील केलंय" म्हटले की उपविभागीय अधिकारी, दुसरा अर्थ कोणाच्या मनातही येत नाही. 'विभाग' म्हणजे पुणे विभाग, नाशिक विभाग, अमरावती विभाग. राज्यात असे ६, प्रत्येकात अनेक जिल्हे आणि वर विभागीय आयुक्त. म्हणजे महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोक्यात विभाग जिल्ह्याहून मोठा आणि उपविभाग तालुक्याहून मोठा. तुमच्या पत्रकात हीच उतरंड उलटी बसते.

सरळ 'जिल्हा' आणि 'तालुका' लिहा. पील जिल्हा, ब्रॅम्प्टन तालुका. वयस्कर माणसाला एका क्षणात कळेल.

प्रेअरीवासी

जिल्हा-तालुक्याला माझा ठाम विरोध. मी सस्कॅचवानमध्ये राहतो. आमच्या प्रांतात १८ सेन्सस डिव्हिजन आहेत, आणि इथल्या शेतकऱ्याला विचारले की तू कितव्या डिव्हिजनमध्ये राहतोस, तर त्याला सांगता येणार नाही. कारण त्या डिव्हिजनला कचेरी नाही, निवडून आलेली मंडळी नाहीत, कर नाही. ती आकडेवारी मांडण्यासाठी नकाशावर आखलेली रेघ आहे. मॅनिटोबा आणि अल्बर्टातही तसेच. जमिनीवर जे खरोखर आहे ते 'रूरल म्युनिसिपालिटी', आणि तिला नावाबरोबर क्रमांकही असतो. रेजायना शहराच्या भोवती शेरवुड क्रमांक १५९ आहे.

ओंटारिओत पील खरोखर कारभार करते, क्यूबेकमध्ये त्याला समांतर प्रादेशिक मंडळे आहेत, ब्रिटिश कोलंबियात 'रीजनल डिस्ट्रिक्ट' आहेत. म्हणजे एका प्रांतात डिव्हिजन हे शासन, दुसऱ्यात केवळ मोजणीची सोय. याला जिल्हा म्हटले की लोक कलेक्टर शोधणार.

शिवाय ओंटारिओच्या उत्तरेत 'डिस्ट्रिक्ट' हे नाव आधीच आहे. अल्गोमा, कॉक्रेन, थंडर बे, केनोरा. एकटा केनोरा डिस्ट्रिक्ट क्षेत्रफळाने आख्ख्या महाराष्ट्राहून मोठा आहे आणि तिथे माणसे लाखभरही नाहीत. पीलला 'जिल्हा' म्हटलेत तर केनोराला काय म्हणणार?

तलाठ्याचा_नातू

केनोरालाही जिल्हाच म्हणा. गडचिरोली आणि मुंबई शहर, दोन्हीला आपण जिल्हा म्हणतोच की.

प्रेअरीवासी

दोन्हीकडे जिल्हाधिकारी आहे म्हणून म्हणतो. केनोराला जिल्ह्याचे शासनच नाही. तिथे नगरे आणि टाउनशिप आहेत, आदिवासी राखीव वसाहती आहेत, आणि उरलेला अफाट मुलूख कुठल्याच म्युनिसिपालिटीत नाही. जनगणनेत तो भाग 'केनोरा, अनऑर्गनाइज्ड' या नावाने एक सबडिव्हिजन म्हणून मोजतात. राखीव वसाहतीसुद्धा सबडिव्हिजन असतात, पण त्या म्युनिसिपालिट्या नव्हेत. म्हणून सबडिव्हिजनला 'नगरपालिका' हा प्रतिशब्द चालणारच नाही. दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

अनुजा_ब्रॅम्प्टन

ही 'अनऑर्गनाइज्ड'ची अडचण लिहायचीच राहिली होती. मी 'असंघटित क्षेत्र' केले, तर माझ्या मुलीच्या सासूबाईंनी विचारले, तिथे बांधकाम मजूर राहतात का? 'असंघटित' म्हटले की कामगारच डोळ्यांपुढे येतात.

आणि 'टाउनशिप'. ओंटारिओतली टाउनशिप म्हणजे बहुधा शेते, गोठे आणि मैलोन्‌मैल सरळ रस्ते. आपल्याकडे टाउनशिप म्हणजे बारा मनोरे, क्लबहाउस आणि फाटकावर वॉचमन. शब्द तसाच ठेवला तर हिंजवडीतला माणूस अगदी उलटे समजेल.

शुद्धमती

टाउनशिपला मराठी शब्द कायद्यातच आहे. १९६५ च्या अधिनियमाचे नाव बघा: महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. टाउनशिप म्हणजे 'नगरी'.

बाकीच्यांसाठी माझा प्रस्ताव असा: सेन्सस डिव्हिजन 'गणनाखंड', सबडिव्हिजन 'गणनाउपखंड', अनऑर्गनाइज्ड 'अपालिकीय क्षेत्र'. शब्द नवे वाटतील, पण वापराने रुळतात. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हा तोही लोकांना नवाच होता. आज गल्लीतले पोरसुद्धा मेयर म्हणत नाही. भाषेला शब्द द्यायचा आळस केला की परका शब्द ठाण मांडून बसतो.

माळीण_काकू

शुद्धमतीताई, 'खंड' म्हणजे आमच्या शेतकऱ्यांच्या भाषेत कुळाने मालकाला द्यायचा वाटा. खंडाने जमीन करणे. 'गणनाखंड' वाचून मला तरी मोजणीची फी भरायची आहे असे वाटले.

आणि 'नगरी' शेतांना लावायची? ज्या गावात एक गिरणी आणि एक चर्च, त्याला नगरी म्हणवत नाही. त्यापेक्षा 'गावपालिका' म्हणा. गावपालिका आणि शहरपालिका. दोन्ही पालिका, कोणाचा मान कमी होत नाही.

शुद्धमती

'खंड'चा एक अर्थ शेतीतला आहे म्हणून बाकीचे मेले काय? भरतखंड, खंडपीठ, ग्रंथाचा पहिला खंड. संदर्भाने अर्थ कळतो.

तलाठ्याचा_नातू

संदर्भाने कळते तर मग 'उपविभाग'ही कळायला हवा होता. धागा तिथूनच सुरू झाला ना?

शेणवी_फोंडा

काकूंच्या 'पालिका'ला माझा दुजोरा, पण वेगळ्या कारणाने. मराठीत नगरपालिका ही संस्था आहे, जागा नव्हे. जागेला आपण 'नगरपालिका हद्द' म्हणतो. "घर पालिकेच्या हद्दीत येतं की ग्रामपंचायतीच्या?" हा रोजचा प्रश्न. कॅनडात मात्र म्युनिसिपालिटी हा एकच शब्द संस्थेलाही आणि तिच्या भूभागालाही लावतात, म्हणून "मी अमुक म्युनिसिपालिटीत राहतो" असे म्हणता येते. मराठीत "मी नगरपालिकेत राहतो" म्हटले तर माणूस म्हणेल, क्वार्टर मिळाली वाटतं. शब्द शोधायचा तर 'हद्द' धरून शोधा. मोजणी-हद्द, पोटहद्द.

गोव्याचा एक दाखला देतो, कारण तो या विषयाला नेमका लागू आहे. कळंगुट बघा. २०११ च्या जनगणनेत ते शहर आहे, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. अशा जागेला 'जनगणना नगर' म्हणतात. नियम असे: लोकसंख्या किमान ५,०००, कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे. म्हणजे जनगणनेचे शहर एक आणि कायद्याचे शहर दुसरे, ही भानगड आपल्याकडेही आहे आणि तिला मराठी शब्दही आहे. 'जनगणना' हे विशेषण पुढे लावून आपण आधीच काम चालवतो. मग 'जनगणना हद्द' का नको?

प्रेअरीवासी

हा ४०० चा आकडा कॅनडातही आहे! इथे 'पॉप्युलेशन सेंटर' ठरायला किमान १,००० लोकसंख्या आणि दर चौरस किलोमीटरला ४०० माणसे लागतात. कायद्याने ते नगर आहे की खेडे, याच्याशी त्याचा संबंध नाही. २०११ पर्यंत त्याला 'अर्बन एरिया' म्हणत. नाव बदलले कारण हजार वस्तीचे गाव आणि टोरांटो, दोघांना एकच 'शहरी' शब्द लावणे दिशाभूल करणारे होते.

महानगराची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. हॉल्टन हे एक डिव्हिजन. त्यातले ओकव्हिल आणि मिल्टन जनगणनेच्या टोरांटो महानगर क्षेत्रात, आणि बर्लिंग्टन हॅमिल्टन महानगर क्षेत्रात. लोक रोज कामाला कुठे जातात यावर हे ठरते. म्हणजे महानगर क्षेत्राची रेघ डिव्हिजनच्या रेघेला छेदून जाते. अनुजाताई, पत्रकात हे तुम्ही घालणार असाल तर 'महानगर' शब्द जपून वापरा. महानगरपालिका आणि महानगर क्षेत्र यांत गल्लत होईल.

शुद्धमती

'हद्द' अरबी आहे.

शेणवी_फोंडा

'जिल्हा' आणि 'तालुका'ही अरबी आहेत. मग सातबाऱ्यावर काय लिहायचे?

मोडी_वाचक

उशिरा आलो. आश्चर्य वाटते की इतक्या चर्चेत कोणाला 'परगणा' आठवला नाही. पेशवाईच्या कागदांत सुभा, सरकार, परगणा, तर्फ, कसबा, मौजे अशी पूर्ण शिडी आहे. काउंटीला परगणा, तिच्या पोटातल्या भागाला तर्फ, मुख्य वस्तीला कसबा, खेड्याला मौजे. हे शब्द आज प्रशासनात जवळजवळ रिकामे झाले आहेत, म्हणून त्यांना नवा अर्थ देता येतो. जुन्या दस्तांत अजून 'मौजे अमुक तर्फ अमुक' सापडते. 'पेटा'ही आहे. तालुक्याहून लहान भागाला पेटा किंवा महाल म्हणत. मुळशीचा सत्याग्रह आठवा, लोक मुळशी पेटा म्हणत.

माझी एक जुनी शंकाही मांडतो. 'परगणा' आणि 'प्रगणक' यांचे मूळ एकच तर नाही? प्र + गण्, मोजणे. जमाबंदीसाठी मोजलेला मुलूख तो परगणा. तसे असेल तर सेन्सस डिव्हिजनला परगण्याहून चपखल शब्द सापडणार नाही.

माळीण_काकू

परगणा फारसीतून आलाय असे आम्हाला शिकवले.

मोडी_वाचक

फारसीतून आला हे मान्यच. फारसीत कुठून आला, हा माझा प्रश्न आहे.

शुद्धमती

परगणा संस्कृत निघाला तर माझी काहीच हरकत नाही.

अनुजा_ब्रॅम्प्टन

काकांना 'परगणा' वाचून दाखवला. ते म्हणाले, "शब्द छान आहे, पण परगण्याला देशमुख-देशपांडे असतात." आता त्यांना 'खानेसुमारी' हवी आहे. 'जनगणना' शब्दच त्यांना रुचत नाही, त्यांच्या वडिलांच्या तोंडी नेहमी खानेसुमारी असे.

तलाठ्याचा_नातू

माझे आजोबाही खानेसुमारीच म्हणायचे. पण ज्येष्ठ असोत की तरुण, आज कॅनडातल्या पत्रकात हा शब्द घातला तर 'खाणे' वाचून रेशनचा काही प्रकार समजतील.

मोडी_वाचक

खाण्याशी काही संबंध नाही. खाना म्हणजे घर, जसे कारखाना, दवाखाना, तोफखाना यांत. शुमार म्हणजे मोजणी. आपल्या 'सुमारे'त तोच शब्द लपला आहे. खानेसुमारी म्हणजे घरांची मोजणी. शब्दाची रचना बघा, आधी घर आणि मग माणूस. भारतातल्या जनगणनेचा पहिला टप्पा आजही घरयादीच आहे. 'जनगणना' शब्दात हे घर हरवले.

शुद्धमती

'शिरगणती' आहे की. शुद्ध, सोपा, बोलीतला. डोके मोजले की झाले. घर मोजून माणूस कसा कळेल? एका घरात दोघे असतील नाही तर वीस.

मोडी_वाचक

शिरगणती हजेरीला, सैन्याला, जत्रेला ठीक. जनगणनेत घराची भिंत, छप्पर, पाणी, चूल हे सगळे विचारतात. ते शिरात कुठे येते?

माळीण_काकू

आमच्या शाळेतल्या बाई या कामाला जायच्या तेव्हा दारावर खडूने आकडा टाकायच्या. घरावरच टाकायच्या, डोक्यावर नाही. माझे मत खानेसुमारीला.

प्रेअरीवासी

कॅनडातही अर्ज घराच्या पत्त्यावर येतो आणि घरातले एकजण सगळ्यांच्या वतीने भरतात. त्या अर्थाने खानेसुमारी इथेही लागू पडते. पण आपण मूळ प्रश्नापासून फार लांब आलो. डिव्हिजन आणि सबडिव्हिजन अजून तसेच पडले आहेत.

शेणवी_फोंडा

माझे मत 'जनगणना हद्द' आणि 'पोटहद्द'. पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू चालतात तशी पोटहद्दही चालेल. आणि संस्थेसाठी नुसते 'पालिका', मग ती गावाची असो की शहराची.

तलाठ्याचा_नातू

पोटहद्द म्हणजे शेतातला पोटहिस्सा वाटेल. सातबाऱ्यावर पोटहिस्सा असतोच, आणि त्यावरून भावाभावांत कज्जे चालतात. मी अजूनही जिल्हा-तालुक्यावरच ठाम आहे. सस्कॅचवानचे पत्रक सस्कॅचवानकरांनी वेगळे काढावे.

अनुजा_ब्रॅम्प्टन

छापखान्याने मजकूर मागितला आहे. पत्रकात 'पील रीजन' आणि 'ब्रॅम्प्टन शहर' अशी नुसती नावे ठेवते आहे आणि खाली एक ओळ, की पाणी, कचरा आणि सार्वजनिक आरोग्य रीजनकडे, तर अग्निशमन आणि शहर बस ब्रॅम्प्टनकडे. डिव्हिजनचा मुद्दा या वेळी गाळते. मात्र केनोरासाठी शब्द अजून हवा आहे, कारण गटातल्या एका जोडप्याचा मुलगा तिथे नोकरीला आहे आणि 'अपालिकीय' त्यांना वाचताच आले नाही.

माळीण_काकू

'बिनपालिकेचा मुलूख' लिहा.

शुद्धमती

'मुलूख' अरबी.

मोडी_वाचक

मुळशी पेट्याबद्दल एकाने व्यक्तिगत निरोपात विचारले म्हणून इथेच लिहितो. पेटा आणि महाल यांत फरक काय, हे मला कागदांवरून नक्की ठरवता आलेले नाही. काही ठिकाणी दोन्ही एकाच भागाला लावलेले दिसतात. तुमच्या घरच्या जुन्या खरेदीखतांत 'पेटा' असेल तर त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा शब्द इथे लिहा, वर्षासकट. कोकणातली खते असतील तर आणखी उत्तम, तिकडे 'तर्फ' जास्त टिकला आहे.