शुक्राचा नारिंगी रंग खरा नव्हे

शुक्र ग्रहाच्या नेहमी दिसणाऱ्या नारिंगी फोटोंबद्दल वर कुणीतरी लिहिलंय की त्यातले पांढरट डाग म्हणजे फिकट रंगाचे खडक. तसं नाहीये. ते फोटो म्हणजे नासाच्या मॅगेलन यानाचे (१९९०-९४) रडार नकाशे आहेत. ढगांच्या जाड थरातून साध्या कॅमेऱ्याला खालचं काहीच दिसत नाही, रडारच्या लहरी मात्र आरपार जातात. रडारमध्ये खडबडीत जमीन उजळ दिसते आणि गुळगुळीत लाव्हाची मैदानं काळी. नारिंगी रंग तर नंतर चढवलेला, व्हेनेरा १३ आणि १४ या सोव्हिएत यानांनी १९८२ मध्ये जमिनीवरून पाठवलेल्या फोटोंवरून. त्यातला व्हेनेरा १३ चा फोटो नक्की मोठा करून बघा: खाली यानाची दातेरी कड, पुढ्यात कॅमेऱ्याचं गळून पडलेलं झाकण आणि मागे फरशीसारखे चपटे दगड.

अजून एक, इथे कुणी काढलंच नाही म्हणून सांगते. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं देतात, आणि त्यात आपल्या डॉ. आनंदीबाई जोशीही आहेत. विषुववृत्ताच्या जरा उत्तरेला, साधारण ३४ किमी रुंदीचं विवर. नकाशात ‘जोशी’ हे नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी स्क्रीनवर बोट ठेवून आईला हाक मारली होती.