एलएलबी झालं, नोकरी लागली, आता सनदेचं काय करू?

कोरी_डायरी

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तीन वर्षांचं एलएलबी झालं, बार कौन्सिलला (वकिलांची नोंदणी करणारी संस्था) नाव नोंदवलं, सनद म्हणजे वकिलीचा परवाना मिळाला, एआयबीई ही वकिलांची पात्रता परीक्षा पण पास झाले आणि गेले नऊ आठवडे एका कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला आहे. हुद्दा लीगल एक्झिक्युटिव्ह, ऐकायला भारी वाटतं. त्याआधी पाच महिने नुसते सीव्ही वाटत होते. लॉ फर्मना मेल केले, बहुतेकांचं उत्तरच नाही, ज्यांचं आलं त्यांना इंटर्नशिप कुठे केली एवढंच हवं होतं आणि माझी इंटर्नशिप म्हणजे एका वकिलांकडे महिनाभर फायली वाहणं. एका इंटरव्ह्यूत मी कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम 73, 74, 124 धडाधड म्हणून दाखवलं, ते खूश. मग त्यांनी दोन पानी अ‍ॅग्रीमेंट हातात दिलं, म्हणाले यात काय खटकतं सांगा. मी दहा मिनिटं स्पेलिंग आणि स्वल्पविराम दुरुस्त करत बसले. करार मोडायचा हक्क फक्त समोरच्या पार्टीला होता, आपल्याला नव्हताच, आणि ते मला जिना उतरताना आठवलं!! तिथून परत फोन आला नाही हे सांगायला नकोच.

तर आता जिथे आहे तिथलं काम. चेक बाऊन्सची एक्सेल शीट भरायची, स्टॅम्प पेपर मागवायचे, कुठला करार कधी संपतोय त्याची यादी ठेवायची, कुरियर लावायचं. बास. दुसऱ्याच आठवड्यात एक ड्राफ्ट पाठवायला दिला होता तर त्यात सरांची कॉमेंट तशीच राहिली, "हे क्लॉज त्यांच्या लक्षात आलं नाही तर बरं" अशी, आणि फाईल तशीच्या तशी समोरच्यांना गेली. त्यांच्या लक्षात आलं. सर ओरडले नाहीत, नुसते खुर्चीत मागे टेकून छताकडे बघत बसले, त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं. तेव्हापासून मला ड्राफ्टला हात लावू देत नाहीत.

माझे प्रश्न: मला पुढे जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाची परीक्षा द्यायची आहे, तर ही नोकरी प्रॅक्टिस म्हणून धरतात का? सनद माझ्या नावावर आहे आणि मी पगारावर आहे, हे चालतं का? बॅचच्या ग्रुपवर सगळे म्हणतात कोण बघतंय, गप्प बस, तेवढीच वर्षं मोजली जातील. आणि तिसरं म्हणजे हे सोडून सरळ एखाद्या सीनियर वकिलाकडे जाऊ का, कारण इथे मी जे करते ते बारावी झालेली पोरगी पण करेल.

पुरसीस

तिसरा प्रश्न बाजूला ठेवा, आधीचे दोन महत्त्वाचे आहेत आणि त्यांचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांमधला नियम 49 वाचा. प्रॅक्टिस करणारा वकील कुणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर असता कामा नये. नोकरी धरली की ज्या राज्याच्या बार कौन्सिलमध्ये नाव आहे तिथे कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत प्रॅक्टिस बंद. म्हणजे तुमची सनद रद्द होत नाही, झोपते. स्थगित करायची पद्धतही नियमांमध्येच आहे, मूळ सनदेसकट रजिस्टर्ड पोस्टाने कळवायचं. पाठवण्याआधी सनदेच्या दोन-चार झेरॉक्स काढून ठेवा, नंतर कुणी ना कुणी मागतंच. नोकरी सोडली की परत सुरू करायला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र.

आता परीक्षेचं. 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनसाठी, म्हणजे तुमच्या याच परीक्षेसाठी, किमान 3 वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली, ही अट 2002 मध्ये काढली होती. प्रोव्हिजनल म्हणजे एआयबीईआधीच्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, एआयबीईच्या निकालापासून नाही, हे तुमच्या फायद्याचं. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम पण धरतात. कंपनीच्या नोकरीचं काय? नियम 49 प्रमाणे तुमची प्रॅक्टिसच बंद आहे, मग मोजणार काय? शून्य. नऊ आठवडे असोत की नऊ वर्षं.

जाहिरात निघेल तेव्हा ती शब्दन् शब्द वाचा, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

बिनकामाचा_वकील

एवढं कोण तपासतंय राव. अर्धी दुनिया नोकरीत आहे आणि सनद घरी फ्रेम करून लावलीये.

पुरसीस

@बिनकामाचा_वकील फ्रेम करून लावायला हरकत नाही, तिच्यावर तीन वर्षं मोजायला आहे. पीएफ खातं आहे, फॉर्म 16 आहे, दर महिन्याची सॅलरी स्लिप आहे, सगळं हिच्या नावावर. आणि प्रॅक्टिसचा दाखला द्यायला 10 वर्षं झालेला वकील लागतो, त्यावर जिल्ह्याच्या मुख्य न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा लागतो. म्हणजे खोटं एकटीने बोलायचं नाही, दुसऱ्या वकिलाला पण बोलायला लावायचं, आणि ते कशासाठी तर न्यायाधीश व्हायला. असो.

निशाणी_पाच

अगं मी तुझ्या एक वर्ष पुढे आहे आणि बरोबर उलट्या बाजूला, एका सीनियरकडे ज्युनियर. सीनियरकडे जाऊ का विचारतेस म्हणून खरं काय ते सांगतो, मग ठरव.

पैसे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनियरला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 स्टायपेंड द्यावा. द्यावा, म्हणजे सक्ती नाही. आमच्या सरांनी ते वाचलंय का हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही, पेट्रोलचे निघतात एवढं समज. बरं, आमच्याआधीच्या बॅचने नोंदणीलाच हजारोंनी पैसे भरलेत. 30 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 24 मध्ये जे लिहिलंय तेवढेच घ्या, म्हणजे जनरलला 750 आणि एससी एसटीला 125. आधी भरलेले परत नाही मिळत, विचारून झालंय.

काम. सकाळी बोर्ड म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी बघायची, आपलं मॅटर कितव्या नंबरला आहे, दोन कोर्टांत एकाच वेळी पुकारा झाला तर एकीकडे सर आणि दुसरीकडे मी. नकलेचा अर्ज, से म्हणजे समोरच्याच्या अर्जाला लेखी उत्तर दाखल करणं, रोजनामा म्हणजे कोर्टाची रोजची नोंद वाचून डायरीत पुढची तारीख लिहिणं. तुझं कुरियर तसं माझं हे. पहिल्यांदा कोर्टात बोललो तेव्हा "साहेब, सीनियर शेजारच्या कोर्टात आहेत" एवढंच घोकून गेलो होतो, आणि जज साहेबांनी शांतपणे विचारलं समन्स बजावणीचा रिपोर्ट आलाय का. फाईल हातात होती माझ्या. उघडून बघितलं असतं तर दुसऱ्याच पानाला होता. मी म्हणालो विचारून सांगतो, आणि मागच्या बाकावरचे दोन वकील हसले. त्या दिवसापासून कोर्टात पाय ठेवायच्या आधी मी फाईल पहिल्या पानापासून वाचतो, तारीख मागायची असली तरी.

कॉलेजात आयपीसी हा जुना फौजदारी कायदा शिकलो आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी बीएनएस. क्लायंट अजून फसवणुकीला चारशेवीस म्हणतो, मी मनात नवं कलम 318 शोधतो. तेवढा एकच आनंद, की जुन्या वकिलांना पण पुस्तक उघडावं लागतं, आपण तिथे तरी बरोबरीने आहोत.

जज व्हायचंच असेल तर ये इकडे, तीन वर्षं कुठेतरी उभं राहावंच लागेल. नसेल तर कोर्टाची हौस म्हणून येऊ नकोस, हौस दोन महिन्यांत फिटते.

लीगलवाली

मी कंपन्यांच्या लीगलमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा थोडं आमच्या बाजूने बोलते. कोरी डायरी, तू म्हणालीस बारावीची पोरगी पण करेल. त्या शीटचे कॉलम कुठले आहेत सांग बरं मला. चेक नंबर, रक्कम, चेकची तारीख, आणि पुढे? बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, आपल्या हातात कधी पडला तो कॉलम आहे का?

चेक बाऊन्सचं कलम 138 तू शिकली आहेस. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला 15 दिवस, ते संपल्यावर एक महिन्याच्या आत तक्रार कोर्टात. तक्रारीला उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीचे 30 दिवस हुकले तर माफीची सोय नाही. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर परत भरून बघता येतं, नसेल तर त्या चेकवरची केस संपली, मग वसुलीचा दावा लावत बसा. आणि हे 30 दिवस कधी हुकतात माहितीये का, मेमो अकाउंट्सवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतो आणि लीगलवाले आपल्याकडे फाईल आली त्या दिवसापासून मोजतात. मी हे होताना बघितलंय, रक्कम सांगत नाही.

स्टॅम्प पेपरचं पण तेच. नुसता मागवू नकोस, कुठल्या दस्ताला किती आणि का ते महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीत बघ. कमी मुद्रांकाचा दस्त कलम 34 प्रमाणे पुराव्यात वाचताच येत नाही, आधी कमी पडलेले पैसे आणि दंड भरा मग बोला. करार कितीही सुंदर लिहिलेला असू दे. इंटरव्ह्यूत तुला टर्मिनेशन दिसलं नाही ना? रोज एक जुना करार काढ तुमच्या कपाटातला आणि एवढंच शोध, हा कोण मोडू शकतं, किती दिवसांच्या नोटिशीने, आणि भांडण झालं तर कुठल्या गावच्या कोर्टात. महिनाभरात डोळा बसतो.

कॉमेंटचं प्रकरण. बाई, तो घोळ प्रत्येकाचा एकदा होतो, माझ्या वेळी जुन्या पार्टीचं नाव शेवटच्या पानावर राहिलं होतं आणि त्यावर सह्या पण झाल्या. बाहेर जाणारी फाईल आधी स्वतःच्याच दुसऱ्या ईमेलवर पाठवून उघडायची, समोरचा उघडेल तशी. आणि जे समोरच्याने वाचू नये असं वाटतं ते ड्राफ्टमध्ये लिहायचंच नाही, फोन कशाला आहे. हे तुझ्या सरांना पण लागू आहे, खरं तर त्यांनाच जास्त. 2025 च्या शेवटाकडे सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कंपनीच्या पगारावरच्या लीगलवाल्यांना प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलासारखं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चं गोपनीयतेचं कवच मिळत नाही. त्यामुळे आपण काय लिहून ठेवतो ते जरा जपूनच.

सनदेबद्दल पुरसीस बरोबर बोलतायत. काही कंपन्या रिटेनरवर घेतात, पगार नाही, प्रोफेशनल फी, आणि तू वकीलच राहतेस. पण रोज नऊला पंच, रजेचा अर्ज, एकच मालक, आणि कागदावर फक्त रिटेनर असा प्रकार असेल तर त्या नावाला काही अर्थ नाही.

निशाणी_पाच

त्या कॉलमचं वाचून मी आत्ता आमच्या ऑफिसच्या 138 च्या फायली उघडून बसलोय. धन्यवाद म्हणू का शिव्या देऊ कळत नाही.

कोरी_डायरी

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन दिवस लागले, कारण सांगते.

लीगलवाली ताई, मेमोचा कॉलम नव्हता. शीटमध्ये "फाईल मिळाल्याची तारीख" होती आणि 30 दिवस तिथूनच मोजले जात होते, माझ्या आधीपासून. मी अकाउंट्सला जाऊन मेमो मागितले तर त्यांनी आधी विचारलं तू कोण. चौदा ओळी होत्या. बारा ठीक निघाल्या. एकीचे 30 दिवस संपून गेलेत, चेकची मुदत पण संपली, ते सरांना सांगताना माझा आवाज बसला होता. एकीचे चार दिवस शिल्लक होते, शीटमध्ये बावीस दिसत होते.

सर परत छताकडे बघत बसले. मग म्हणाले नोटीस ड्राफ्ट कर. मी केली, त्यांनी तीन ठिकाणी लाल केलं, एक माझं कलमच चुकलं होतं. मी ती माझ्याच दुसऱ्या मेलवर पाठवून उघडून बघितली, कॉमेंट नव्हती. काल दुपारी पोस्टात स्वतः जाऊन आले, पावतीचा फोटो काढला आणि मूळ पावती फाईलला लावली.

पुरसीस, बार कौन्सिलला पाठवायचं पत्र लिहायला घेतलंय. परीक्षेचं अजून ठरलेलं नाही, या मार्चपर्यंत इथे राहते, तोवर एकदा निशाणी पाचच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून बघीन म्हणते, रजा मिळाली तर. सनद मूळ पाठवायची म्हणजे लॅमिनेशन केलेली चालते का हो? मी हौसेने करून ठेवलंय.

पुरसीस

लॅमिनेशन??? कुणी सांगितलं होतं तुम्हाला. पत्र पाठवण्याआधी बार कौन्सिलच्या ऑफिसला फोन करून विचारा, आणि फोन कुणी घेतला त्याचं नाव लिहून ठेवा.