कौटुंबिक न्यायालयातील न्यायाधीशांचे अनुचित वर्तन : काय करावे?

प्रश्न : मुलीच्या ताब्याच्या खटल्यात न्यायाधीशांनी दोन वेळा माझे बोलणे मध्येच तोडले आणि ‘तुमच्यासारख्या आईकडे मूल कशाला द्यायचे?’ असे सर्वांसमोर म्हटले. तक्रार केल्यास निकालावर परिणाम होईल, या भीतीने मला झोप येत नाही. मी काय करावे?

उत्तर १ : ताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. आदेश चुकीचा वाटत असेल, तर अपील हाच मार्ग आहे, कारण तक्रारीने आदेश बदलत नाही. अपमानास्पद भाषा किंवा उघड पूर्वग्रह हा मात्र वर्तनाचा प्रश्न आहे. न्यायाधीशाने पक्षकारांशी संयमाने, सन्मानाने आणि सौजन्याने वागावे, अशी स्पष्ट अपेक्षा २००२ च्या बंगळूर तत्त्वांमध्ये, म्हणजे न्यायाधीशांच्या वर्तनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांमध्ये, नमूद आहे.

उत्तर २ : सुनावणी झाली त्याच दिवशी नेमके शब्द, वेळ आणि उपस्थितांची नावे लिहून ठेवा, कामकाजाच्या नोंदीची प्रत मागा आणि वकिलांना शांतपणे आक्षेप नोंदवायला सांगा, कारण अपील न्यायालय सामान्यतः नोंदीवर आलेलेच पाहते. गुपचूप ध्वनिमुद्रण मात्र करू नका. ते अनेक ठिकाणी निषिद्ध आहे.

उत्तर ३ : प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे वर्ग करण्याचा अर्जही करता येतो, पण केवळ कठोर बोलणे त्याला सहसा पुरत नाही. तुम्ही उद्धृत केलेले वाक्य माझ्या मते कठोरपणाच्या पलीकडचे आहे, कारण त्यात पुरावा ऐकण्याआधीच मत बनल्याचे दिसते. अर्जात नेमके तेच मांडा.